पुसलेले बाबा

तेत्स्केवहिनीने बाबांचं तोंड पुसून टाकलं तेव्हा मी घरी नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. असतो तर तिला अडवलं असतं असं नाही, पण मजा तरी बघितली असती. मी त्या वेळी चित्रकार मिस ट्रेडवेलबाईंना मोटारीत बसवून गावात औषधवाल्याकडे घेऊन गेलो होतो आणि आम्ही दोघं एका स्पिरिटच्या बाटलीसाठी त्याच्या विनवण्या करत होतो. दारूबंदीचे दिवस होते ते. कोळशाचं चित्र पुसलं जाऊ नये म्हणून त्यावर फुंकायला लाखेचं पाणी लागतं आणि लाख स्पिरिटमध्येच विरघळते, हे त्या माणसाला पटवायला दीड तास गेला. माझ्या लाल नाकाकडे बघून तो सारखा मान हलवत होता. तेवढ्या दीड तासात घरी जे घडलं त्यातलं अर्धं मला वहिनीने सांगितलं, पाव योहानाताईने सांगितलं आणि उरलेलं पाव कुणीच सांगितलं नाही, म्हणून ते मलाच घालावं लागतंय.

योहानाताई ही आम्हा तिघांतली थोरली. ती मंगळवारी मिशिगनहून आली ती दोन ट्रंका घेऊन. एक भरलेली, एक रिकामी. रिकामी कशाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिने ती सरळ बाबांच्या खोलीत नेऊन पलंगाच्या पायथ्याशी झाकण उघडं टाकून ठेवली. बाबा येता-जाता तिच्याकडे असे बघायचे की जणू आतून कुणीतरी उठून हाक मारणार आहे.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा, म्हणजे विबे टर्प्स्ट्रा, त्या शनिवारी ऐंशी पूर्ण करणार होते. ते जुन्याच घरात राहत, माझा मधला भाऊ सीत्से आणि त्याची बायको तेत्स्के यांच्यापाशी. माझं नाव डावे, मी शेंडेफळ. चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, कोठाराशेजारच्या खोलीत राहणारा आणि कुठल्याही बाबतीत मत न विचारला जाणारा.

"जानेवारीत बाबा तुझ्या मेण लावलेल्या जमिनीवरून घसरले," मंगळवारी जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या ताईने सुरुवात केली. "मनगट मोडलं. पुढच्या वेळी कंबर मोडेल. माझ्याकडे प्रत्येक खोलीत गालिचा आहे, तेत्स्के."

"गालिचा म्हणजे धूळ साठवायची पेटी," वहिनी म्हणाली.

"धुळीने माणूस मरत नाही."

"तुमच्याकडे मोजलंय का कुणी?"

सीत्सेला भांडणाचा भारी तिटकारा. डुकरं जरी भांडली तरी तो मध्ये जाऊन त्यांची समजूत घालायचा. त्याने तोडगा काढला. मिस ट्रेडवेलबाई आठवडाभर आमच्याकडे मुक्कामाला होत्याच. दर वसंतात त्या एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायच्या आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांची कोळशाने चित्रं काढायच्या. पंचक्रोशीतल्या कुठल्याही घरातली चांगली खोली उघडा, भिंतीवर बाईंच्या हातचा एखादा आजोबा तुमच्याकडे रोखून बघत असायचाच. सीत्से म्हणाला, "बाबांचं चित्र होतंय. ज्याच्याकडे बाबा राहतील त्याला चित्र नाही. ज्याला चित्र मिळेल त्याने बाबा मागायचे नाहीत."

ताईने तीन कप कॉफी संपवली. मग म्हणाली, "चित्र चांगलं झालं तर. समोर बसल्यासारखं हवं. नाही झालं, तर मी खरे बाबा नेणार. सोमवारच्या गाडीने."

बाबा त्याच टेबलावर बटाटे खात होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मिस ट्रेडवेलबाईंचं आणि वहिनीचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. बाई विलोच्या झाडाच्या काड्या चरबीच्या रिकाम्या डब्यात घालून आमच्याच चुलीत जाळायच्या आणि स्वतःचा कोळसा स्वतः करायच्या. तो धूर वहिनीने एकवेळ सोसला असता. पण बाई रोज अर्धा पाव मागायच्या, त्यातला मऊ भाग काढून मळायच्या आणि त्याने चित्रावरचा कोळसा खोडायच्या. पावाने! ज्या घरात पाव कापण्याआधी प्रार्थनेला डोळे मिटतात त्या घरात! वहिनी उरलेल्या कडा गोळा करून दुधात शिजवायची आणि ती खीर फक्त बाईंनाच वाढायची. बाई ती आवडीने खायच्या, त्यामुळे वहिनीचा आणखीच जळफळाट व्हायचा.

वहिनीच्या स्वच्छतेबद्दल गावात पुष्कळ सांगून झालंय, तरी थोडं राहिलंच आहे. तिच्या कोंबड्या अंडं घालण्याआधी पेंढा झटकून घ्यायच्या. पवनचक्कीची पाती ती अशी घासायची की एका वादळात आमच्यावर पडायला आलेली वीज त्यात आपलंच तोंड बघून लाजली आणि मागे फिरली. शेजारी याला थाप म्हणतात. वीज शेजाऱ्यांच्या पवनचक्कीवर पडली, आमच्या नाही, एवढंच मी म्हणेन.

तर शनिवारची सकाळ. दुपारी तीनला वाढदिवसाची मंडळी येणार. चित्र शुक्रवारीच पूर्ण झालेलं, आणि लाखेचं पाणी संपल्यामुळे ते न फुंकता चांगल्या खोलीत लाकडी घोडीवर ठेवलेलं, वरून चादर टाकून. आमची चांगली खोली पाद्रीसाहेब आले तर उघडायची, नाहीतर घरातून शवपेटी निघायची असली तर. त्या खोलीत धूळ शिरायला सुद्धा परवानगी लागायची. तरी वहिनी धूळ पुसायला गेली आणि घोडीची लाकडं पुसावीत म्हणून तिने चादर उचलली.

बाबा हुबेहूब होते. चार बैठकांत ते चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरताना बसतात तसे बसले होते, आणि बाईंनी तसेच काढले होते. घोड्याने चावलेला कान, मध्येच उंच झालेलं नाक, ओठ शिवल्यासारखे. वहिनी तिथे थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण तिची नजर खाली कॉलरवर गेली.

कॉलर करडी होती.

गळ्याशी दोन काळ्या रेघा होत्या आणि कडेला धुरकट पट्टा. ती कॉलर वहिनीने सोमवारी स्वतः उकळली होती, नीळ दिली होती आणि अशी कडक केली होती की ती टेबलावर एकटी उभी राहायची. आणि आता ही मळकी कॉलर मिशिगनला जाणार. योहानाताईच्या भिंतीवर लागणार. दर गुरुवारी चर्चच्या चाळीस बाया तिच्याकडे शिवणाला जमतात, त्या मान वर करून म्हणणार, हं, हे वडील का? सुनेकडे असतात वाटतं.

वहिनीने फडक्याचं टोक ओलं केलं. जेमतेम ओलं. फक्त कॉलर पुसायची होती.

कॉलर झकास निघाली. पण भिंतीवरचा एक डाग पुसला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पुसलेल्या जागेमुळे बाकीची भिंत घाण दिसायला लागते. हनुवटीवर थोडा ओघळ आला होता, म्हणून तिने हनुवटी सारखी केली. मग डावा गाल उजव्याशी जुळेना. मग ओठांजवळचं जरासं. हात पंचवीस वर्षांच्या सवयीचे, ते आपोआप चालत राहिले. तिचं तिलाच भान आलं तेव्हा वर दोन डोळे आणि एक कान उरला होता, मध्ये राखेचं आभाळ, आणि त्याच्याखाली बर्फासारखी पांढरीशुभ्र कॉलर.

वहिनी मटकन खाली बसली. चित्राचं काय होईल, हे तिच्या मनात आलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती उघडी ट्रंक आली.

तुम्हाला वाटेल, सासरा गेला तर ही बाई सुटली. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. दोघांचं दिवसभर वाजायचं. पण एक गोष्ट फक्त तिला ठाऊक होती. आई गेल्यावर बाबा बोलायचे थांबले. पहिले तीन आठवडे ताईने त्यांना मिशिगनला नेलं, तिथे ते मुकेच होते. परत आले ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले, काचेला कपाळ टेकून. आम्ही सगळे पावलं न वाजवता वावरायचो. वहिनी मात्र रोज सकाळी काचेवरचा कपाळाचा डाग पुसायची आणि रोज ओरडायची, "परत काच तेलकट केलीत!" आम्हाला तिची लाज वाटायची. सातव्या आठवड्यात एका सकाळी बाबा गर्रकन वळले आणि म्हणाले, "बाई, कपाळ माझं आहे!"

"आणि काच माझी आहे!" वहिनी म्हणाली, आणि कोठीघरात जाऊन दार लावून पोटभर रडली. आनंदाने. भांडलं तरच बाबा बोलतात हे तिला कळलं, आणि तेव्हापासून ती त्यांच्याशी एक दिवसही भांडायची राहिली नाही.

सीत्से अंगणात होता, त्याला तिने हाक मारली. तो आला आणि चित्राकडे बघत राहिला.

"मांजर," तो शेवटी म्हणाला.

"कसलं मांजर?"

"मांजराने केलं, असं सांगू."

"मांजर ओलं फडकं वापरतं का रे?"

"मग वासरू..."

"सीत्से, वासरू चांगल्या खोलीत आलं असं लोकांना सांगण्यापेक्षा मी माझा गुन्हा कबूल करीन!"

एवढ्यात मी आणि मिस ट्रेडवेलबाई बाटली घेऊन दाराशी पोचलो. बाईंनी चित्र बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण त्या जवळ गेल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "कॉलर कुणी केली?"

"मी," वहिनी म्हणाली, आवाज पार बसलेला.

"हं," बाई म्हणाल्या, आणि आणखी काही बोलणार तोच मागून योहानाताईचा आवाज आला.

"सगळे इथे काय करताय? मला जरा आधीच बघू दे..."  तिने आधी चित्राकडे बघितलं, मग वहिनीच्या हातातल्या काळ्या फडक्याकडे.

"तेत्स्के, बाबा कुठे आहेत?"

"फडक्यात," वहिनी म्हणाली.

मला हसू फुटलं आणि ते मी खोकल्यात घालवलं. ताईने माझ्याकडे एकदाच बघितलं, तेवढ्याने खोकला बरा झाला.

"ताई," सीत्से म्हणाला, "त्याचं काय झालं, मांजर..."

"मांजराने कॉलर धुतली? इस्त्रीसुद्धा केली वाटतं!" ताई वहिनीकडे वळली. "माझ्या वाटणीला फक्त चित्र येणार होतं. तेवढंही बघवलं नाही तुला?"

"तसं नाही हो. मळकी दिसत होती..."

"काय मळकं होतं? माझा बाप मळका होता? जिवंत माणूस घासून घासून घसरवलास, आता कागदावरचाही घासलास. आपलं ठरलंय. चित्र नाही, तर बाबा. मी ट्रंक भरायला घेते."

"तसं बघायला गेलं तर," सीत्से जमिनीकडे बघत म्हणाला, "मनगटाचं ताई म्हणते त्यात..."

"सीत्से!"

"मी फक्त म्हणतोय."

"पंचवीस वर्षं तू फक्त म्हणतोच आहेस!"

पुढच्या पाच मिनिटांत मी तीनदा बाजू बदलली, हे कबूल करतो. ताईने नाताळला पाठवलेले लोकरीचे मोजे आठवले, मी तिच्याकडे सरकलो. वहिनीने दुपारसाठी केलेल्या बदामाच्या वड्यांचा वास आला, मी परत आलो. मग सीत्से एकटाच कोपऱ्यात उभा दिसला म्हणून त्याच्याशेजारी जाऊन थांबलो. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी मेलोय का?"

बाबा. वाढदिवसाचा काळा कोट आणि गळ्यात ती खरी कॉलर.

"काहीतरीच काय बाबा," ताई म्हणाली.

"मग चांगली खोली उघडून एवढी माणसं का जमलीत? पाद्री तर दिसत नाही." ते काठी टेकत आत आले आणि चित्रासमोर उभे राहिले. "हा कोण?"

"तुम्ही," मी म्हणालो.

"बरा दिसतोय. कालच्यापेक्षा बरा. तोंड कुठे गेलं?"

"मी पुसलं," वहिनी म्हणाली. ती आता उभी होती, दोन्ही हातांनी फडकं पिळत. "कॉलर काळी काढली होती, बाबा. मी सोमवारी उकळली होती ती. मिशिगनच्या बायका काय म्हणाल्या असत्या? मी फक्त कॉलर पुसायला गेले, आणि मग हनुवटी, आणि मग..."

"आणि मग मी उरलोच नाही."

"कान आहे," वहिनी म्हणाली.

बाबा कॉलरकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं, झटका आला. सीत्सेने खुर्ची पुढे केली. बाबा तिच्यात कोसळले, तोंड उघडलं, आणि आतून हसू बाहेर आलं. आई गेल्यापासून आम्ही ते ऐकलं नव्हतं. आधी बारीक, पंपाला पाणी चढण्याआधी घरघर होते तसं, आणि मग धो धो. पुढचे दोन दात नसलेलं, डोळ्यांतून पाणी काढणारं हसू. "कान आहे!" ते म्हणत होते, "ऐंशी वर्षं जगलो, आणि कॉलर आणि कान उरला!"

"हलू नका!" मिस ट्रेडवेलबाई किंचाळल्या. मग म्हणाल्या, "नाही, नाही! हला! असेच हलत राहा!"

त्यांनी कुणाला न विचारता चित्र घोडीवरून उतरवलं आणि नवा कागद लावला. "चार दिवस मी एक बंद दार काढत होते," त्या म्हणाल्या. "आता किती वाजले? साडेअकरा? मला तीनपर्यंत वेळ द्या. यांना हसतं ठेवा. आणि तुम्ही इकडे या." हे वहिनीला होतं.

"मी?"

बाईंनी मूठभर कोळशाची पूड घेतली आणि सगळा कागद, वरपासून खालपर्यंत, काळा केला. वहिनी कळवळली. "बघा," बाई म्हणाल्या, "माझ्याकडे पांढरा रंग नाहीच. जे पांढरं दिसतं ते सगळं पुसून काढलेलं असतं. माझं निम्मं काम पुसण्याचं. आणि आज मी ती कॉलर बघितली. तेहतीस वर्षांत माझ्या हातून अशी पांढरी कॉलर निघाली नाही. घ्या." त्यांनी पावाचा मळलेला गोळा पुढे केला.

"पाव?"

"पाव."

वहिनीने डोळे मिटले, ओठ हलवले, देवाची काय ती क्षमा मागितली आणि गोळा हातात घेतला.

"आणि माझं काय?" ताई म्हणाली. "ट्रंक उघडी आहे."

"ताई, तीनपर्यंत थांब," मी म्हणालो. "चित्र चांगलं झालं नाही तर बाबांना मी स्वतः उचलून गाडीत ठेवतो." हे बोलताना मी वहिनीकडे बघितलं नाही. ताईने खुर्ची ओढली आणि हाताची घडी घालून बसली, न्यायाधीशासारखी.

असं काम मी पूर्वी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. बाई वरून चेहरा काढत होत्या आणि खाली गुडघ्यांवर बसून वहिनी कॉलर उजळत होती. आणि बाबांना हसतं ठेवायला आम्हाला काहीच करावं लागलं नाही.

"डावीकडे राहिलंय," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. चित्रातल्या माणसाने बोलायचं नसतं."

"माझी कॉलर आहे."

"धुते कोण?"

"घालतो कोण? गळा कापतो ती तिची कड. पत्र्याची कॉलर घातली असती तरी एवढी रुतली नसती."

"मग उद्या चर्चला पत्र्याची घाला. पाऊस आला तर गंजाल, तेव्हा घासायला मीच आहे."

बाबा परत फुटले. बाईंचा हात कागदावरून उंदरासारखा पळत होता.

ताईची हाताची घडी कधी सुटली ते मला दिसलं नाही. ती बाबांकडे बघत होती. तिच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते तिने मला फार वर्षांनी सांगितलं, म्हणून हे रचलेलं नाही. तिला तिच्या घरातले ते तीन आठवडे आठवत होते. तिने बाबांना सगळ्यात चांगली खुर्ची दिली होती. दोन उशा दिल्या होत्या. त्यांच्या पाईपची राख गालिच्यावर पडली तरी, असू दे हो, म्हणाली होती.

"बाबा," ती एकदम म्हणाली, "माझ्याकडे तुम्ही तीन आठवड्यांत तीनच शब्द बोललात. 'आभारी आहे' आणि 'पुरे'."

खोलीतलं हसणं थांबलं. बाईंचा हातही थांबला.

"तुझं काही चुकलं नाही, पोरी," बाबा म्हणाले. "तू माझ्याशी इतकी चांगली वागलीस, की मला वाटलं आपण गेलोच."

ताई खिडकीबाहेर बघायला लागली. तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मुलं लांब होती. "अकरा खोल्या आहेत माझ्या," ती म्हणाली. "आणि भांडायला एक माणूस नाही."

मी काहीतरी विनोद करायच्या बेतात होतो. बरं झालं, वहिनी आधी बोलली. कॉलरवरून नजर न उचलता ती म्हणाली, "मग उन्हाळाभर इथे राहा. तुमच्या भांडणात दम आहे. मंगळवारपासून बघतेय मी."

"आणि तुझ्या मेणावरून घसरू?"

"बाबांच्या खोलीत मी जानेवारीपासून मेण लावलेलं नाही. जिन्यावर नाही, पडवीत नाही. तुम्ही बघितलंच नाही. ट्रंक ठेवायची घाई होती तुम्हाला."

ताई उठली आणि बाहेर गेली. तिचे बूट जिन्यावर वाजले, मग बाबांच्या खोलीत, मग परत जिन्यावर. दारात आली तेव्हा तिच्या हाताची बोटं ती एकमेकांवर घासत होती. जमीन तिने हाताने चाचपून बघितली होती, हे उघड होतं.

"खरबरीत आहे," ती म्हणाली.

"मला रात्रंदिवस डोळ्यांपुढे दिसते ती," वहिनी म्हणाली. "कळाहीन झालीय. पण पाय टिकतो."

 ताई परत खुर्चीवर बसली नाही. ती बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तिथून चित्र होताना बघत राहिली.

पावणेतीनला बाई दूर झाल्या. फुंकणी तोंडात धरून त्यांनी लाखेचं पाणी चित्रावर बारीक फुंकलं. खोलीत स्पिरिटचा असा वास सुटला की कट्टर दारूबंदीवाल्यानेही एक पाऊल पुढे टाकलं असतं. मी दोन टाकली.

कागदावर बाबा हसत होते. डोळे मिटायच्या बेतात, तोंड उघडं, दोन दातांची खिडकी, कान हसण्याने वर ओढलेला. आणि गळ्याभोवती कॉलर, अशी पांढरी की खोलीत दुसरा दिवा नको.

"फार पांढरी झाली," बाबा म्हणाले.

"ती तशीच असते," वहिनी म्हणाली, आणि मग एकदम घाबरून ताईकडे बघायला लागली. सगळेच बघायला लागले. 

"मी याला नेते," ताई म्हणाली आणि चित्राकडे बोट केलं. "याच्याशी मी भांडू शकेन. हा निदान ऐकल्यासारखं तरी करतो. खरे राहू देत इथेच, ज्यांचे आहेत त्यांच्याकडे."

वहिनीने दोन्ही हात तोंडावर घेतले. त्या हातांना तीन तासांचा कोळसा होता. तिने डोळे पुसले, नाक पुसलं, कपाळ पुसलं, गाल पुसले. बोटं बाजूला झाली तेव्हा पंचक्रोशीतली सगळ्यात स्वच्छ बाई आमच्यासमोर चुलीतून काढल्यासारखी उभी होती. मी तोंड उघडलं. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

आणि ताई पुढे झाली आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिने वहिनीला घट्ट मिठी मारली, गालाला गाल लावून. ती बाजूला झाली तेव्हा तिचाही अर्धा चेहरा काळा होता. दोघी एकमेकींकडे डबडबल्या डोळ्यांनी बघत होत्या. धड काही दिसत नव्हतं दोघींनाही.

बाहेर मोटारी लागल्या. पाद्री फेन्स्ट्रा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी दारात हजर. वहिनी धावली. पाद्रीसाहेबांनी टोपी काढली, वर बघितलं आणि त्यांचा आशीर्वाद तोंडातच राहिला.

"पाद्रीसाहेब," वहिनी करड्या आवाजात म्हणाली, "आधी पाय पुसा."

पाद्रीसाहेबांनी निमूट पाय पुसले. दोनदा. मग आमच्या रीतीप्रमाणे हात पुढे केला. "अभिनंदन, सासऱ्यांच्या ऐंशीबद्दल." वहिनीने तो दोन्ही हातांनी धरून हलवला. मग साहेब ताईकडे वळले, "अभिनंदन, वडिलांबद्दल." मग सीत्से, मग मी, मग बाबा स्वतः. आमच्यात वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं होतं. खुर्च्यांचं कडं मांडायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाने कड्यातल्या प्रत्येकाचा हात धरायचा. त्या दिवशी बेचाळीस माणसं आली. किती हात मिळाले त्याचा हिशोब तुम्ही करा. साडेतीनला कोळसा खुर्च्यांच्या कड्याला पुरता वळसा घालून पाद्रीसाहेबांपाशी परत आला होता. चारला कपांच्या कानांवर होता, बदामाच्या वड्यांवर होता, चर्चच्या खजिनदाराच्या टकलावर पाचही बोटांनिशी उमटला होता. कुणी कुणाला सांगेना, कारण जो तो समोरच्याला हसत होता.

आणि वहिनी मधोमध उभी राहून, बाबांनी वडीचा तिसरा तुकडा का घेतला यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडत होती. बाबा उत्तरं देत होते. तिच्या पांढऱ्या टेबलपोसावर तिच्या डोळ्यांदेखत काळ्या हातांचे ठसे वाढत चालले होते, आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.